क्षण टिपला, नावाचे काय?

बेसबॉलला डच लोक ‘हॉन्कबल’ म्हणतात. पकडापकडीच्या खेळात ज्या ठिकाणी हात लावला की राज्य घेणारा आपल्याला पकडू शकत नाही, ते ठिकाण म्हणजे ‘हॉन्क’. थोडक्यात, आपला भोज्जा. शब्द घडवण्यात डच माणूस आपल्यासारखाच हौशी. बॅटरला त्याने ‘स्लाखमान’ केले, पिचरला ‘वेर्पर’ आणि यष्टिरक्षकाच्या जागी बसणाऱ्या कॅचरला ‘अख्तरव्हांगर’, म्हणजे मागे राहून झेलणारा. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते समालोचन ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला यात काही नवल वाटत नाही. खेळ परका असला तरी आपल्या भाषेत त्याला नावे मिळाली, की तो घरचा होतो.

ह्या लेखाचा विषय मात्र खेळापेक्षा खेळाच्या छायाचित्रांचा आहे. आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुले आता बॅट आणि मोठा चामडी हातमोजा घेऊन शनिवारी मैदानावर जातात. लहानांसाठी इथे ‘बीबॉल’ नावाचा सोपा प्रकार आहे, तिथून सुरुवात होते. पालक कुंपणाशी उभे राहून फोनवर फोटो काढतात आणि घरी आल्यावर दिसते, की बॅट वाकलेली आहे, चेंडू गायब आहे आणि मुलाचे डोळे मिटलेले आहेत. हा क्षण टिपणे इतके अवघड का, ते शिकायला माणसाला किती वर्षे लागली आणि टिपलेल्या क्षणांचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचार करण्याजोगे वाटतात. त्यांतील तिसरा सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याकडे शेवटी येतो.

चार दशांश सेकंदांचे गणित

पिचर आणि बॅटर यांच्यामधील अंतर १८.४४ मीटर असते. तगडा पिचर ताशी १५० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ मीटर. हे अंतर कापायला चेंडूला साधारण चार दशांश सेकंद पुरतात. एखादी गोष्ट पाहून बोट हलवायला माणसाला त्यातील जवळजवळ निम्मा वेळ लागतो. चेंडू बॅटला लागतो तो स्पर्श तर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच टिकतो. म्हणून चेंडू लागल्याचे पाहून जो बटण दाबतो, त्याला तो क्षण कधीच मिळत नाही. बॅटर आणि छायाचित्रकार यांची अडचण एकच: दोघांनाही चेंडू येण्याआधी निर्णय घ्यावा लागतो.

आता कॅमेऱ्याची बाजू पाहू. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके उघडे राहिले, तर तेवढ्यात चेंडू ४२ सेंटिमीटर पुढे जातो. चित्रात चेंडूऐवजी एक पांढरा पट्टा उरतो. हजाराव्या भागात तो चार सेंटिमीटरच सरकतो. चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरांहून थोडा अधिक असल्याने आता निदान तो चेंडू आहे एवढे कळते. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला वीस चित्रे सहज घेतात, पण त्या भरवशावर राहू नये. दोन चित्रांमध्ये एक विसांश सेकंद जातो आणि तेवढ्या वेळात बॅटचे टोक दीड मीटर फिरून गेलेले असते.

बॅट वाकलेली का दिसते, याचे उत्तरही जुने आहे. फोनचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकदम घेत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. खालची ओळ वाचेपर्यंत बॅट पुढे गेलेली असते. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांतही पडद्याची एक फट काचेसमोरून सरकत असे आणि हाच दोष येई. फ्रान्सच्या झाक आंरी लार्तीग याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचे चाक अंडाकृती होऊन पुढे झुकले आहे. आज त्याच दोषामुळे ते चित्र वेगाचे प्रतीक मानले जाते.

चित्र राहिले, नाव गेले. नाव राहिले, चित्र गेले

हालचाल गोठवण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयोग एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे केला. ओळीने कॅमेरे मांडून त्याने धावता घोडा टिपला आणि चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, हे सिद्ध केले. पुढे फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात त्याने माणसांच्या व प्राण्यांच्या हालचालींची शेकडो चित्रे घेतली. १८८७ मध्ये ती ७८१ पत्रांत प्रसिद्ध झाली. त्यांत बेसबॉलचा चेंडू टाकणारी आणि टोलवणारी माणसेही आहेत. पण छापील संग्रहात त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. स्नायू आणि सांधे यांचा अभ्यास करणाऱ्याला नावाची गरज वाटली नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुळात छायाचित्रकार. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हापासून त्यांना ह्या नव्या यंत्राने वेड लावले. विलायतेहून कॅमेरा मागवून त्यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने घेतलेल्या पहिल्या चलच्चित्रांत तिची गणना होते. म्हणजे आपल्याकडे चलच्चित्राचा आरंभच मुळी खेळाच्या चित्रणाने झाला, आणि तोही लाल मातीतल्या खेळाच्या! पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी हे ते दोन मल्ल. ती फिल्म आज उपलब्ध नाही. पकड कोणती होती, कोणाची पाठ लागली, काही पाहता येत नाही. दोन नावे मात्र सव्वाशे वर्षे टिकली आहेत.

मायब्रिजची माणसे दिसतात, पण ती कोण ते ग्रंथ सांगत नाही. सावेदादांची माणसे कोण ते ठाऊक आहे, पण ती दिसत नाहीत. इतिहासाला दोन्ही लागते.

तिसऱ्या हॉन्कजवळचा मुद्रितशोधक

दोन्ही गोष्टी जुळवून आणणारा माणूस न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मुद्रिते तपासत असे. चार्ल्स कॉनलन हा पेशाने छायाचित्रकार नव्हता. सुट्टीच्या वेळी तो मैदानावर जाई आणि १९०४ पासून जवळजवळ चार दशके त्याने बेसबॉलपटू टिपले. तेव्हा छायाचित्रकारांना प्रेक्षकांत बसवत नसत, ते मैदानाच्या कडेला खेळाडूंपासून काही पावलांवर उभे राहत. हातात ग्राफ्लेक्स जातीचा जड कॅमेरा, आत काचेची पट्टी. एक चित्र घेतले की ती काढून दुसरी घालायची. सेकंदाला वीस चित्रांचा प्रश्नच नव्हता. खेळ समजून उमजून एकदाच बटण दाबायचे.

१९१०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कवर तो तिसऱ्या हॉन्कजवळ उभा होता. डेट्रॉइटचा टाय कॉब हा आडदांड खेळाडू तिकडे धावत सुटला आणि त्याने पाय पुढे करून झेप घेतली. मातीचा लोट उठला, तिथे उभा असलेला न्यूयॉर्कचा जिमी ऑस्टिन कोलमडला. कॉनलनला काळजी वाटली ती ऑस्टिनची, कारण तो त्याचा मित्र. आपण बटण दाबले की नाही, हेही त्याला आठवेना. असावे सावध म्हणून त्याने काच बदलली आणि घरी जाऊन धुतल्यावर ते चित्र उमटले. कॉबचे आवळलेले दात, उडणारी माती, तोल गेलेला ऑस्टिन. बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध चित्रांत त्याची गणना होते.

क्रिकेटच्या तेव्हाच्या चित्रांशी याची तुलना करण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रंपरचे पुढे झेपावून फटका मारतानाचे जॉर्ज बेल्डम याने घेतलेले चित्र जुन्या क्रिकेटप्रेमींना ठाऊक असेल. १९०५ मध्ये ते पुस्तकात आले. ते सुंदर आहे, पण सामन्यातले नव्हे. चित्रासाठी ट्रंपरने तो फटका मारून दाखवला होता. कॉनलनला कोणी काही दाखवले नाही. तो जागेवर होता, खेळ जाणत होता आणि माणसे ओळखत होता. त्या चित्रात कॉब जितका आहे तितकाच ऑस्टिनही आहे. सामान्य वार्ताहराने ‘कॉब आणि तिसऱ्या हॉन्कवरील खेळाडू’ एवढेच लिहिले असते. ऑस्टिनचे नाव राहिले, कारण चित्रकार त्याला ओळखत होता.

दुसरे प्रसिद्ध चित्र १३ जून १९४८ चे. कर्करोगाने खंगलेला बेब रूथ यांकी स्टेडियममध्ये निरोप घ्यायला आला होता. बहुतेक छायाचित्रकार समोर उभे होते. नॅट फाइन मागे गेला. त्याच्या चित्रात रूथचा चेहरा दिसतच नाही; वाकलेली पाठ, काठीसारखी टेकलेली बॅट आणि पाठीवरचा ३ हा आकडा दिसतो. त्या दिवशी तो आकडा संघाने कायमचा राखून ठेवला. दोन महिन्यांनी रूथ गेला आणि पुढच्या वर्षी फाइनला पुलित्झर पारितोषिक मिळाले. चेहऱ्यावाचूनही माणूस ओळखता येतो, पण पाहणाऱ्याला त्या आकड्याचा अर्थ ठाऊक असला तरच.

हॉन्कबलचा देश

नेदरलँड्समध्ये हा खेळ रुजवण्याचे श्रेय ॲमस्टरडॅमचे इंग्रजीचे शिक्षक ग्रासे यांना देतात. अमेरिकेत तो पाहून ते परतले आणि १९१२ मध्ये इथली संघटना स्थापन झाली. पहिली साखळी स्पर्धा १९२२ मध्ये झाली. १९५०च्या दशकाच्या आरंभी हान उर्बानुस हा डच पिचर न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या सराव शिबिरात जाऊन आला आणि तिथे शिकलेले त्याने इथे आणले. १९६१ मध्ये हार्लेमची हॉन्कबलवेक सुरू झाली, १९८५ मध्ये रॉटरडॅमची वर्ल्ड पोर्ट स्पर्धा. इथल्या सर्वोच्च साखळीतील अनेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. तरीही डच संघाने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये क्युबाला ४-२ असे हरवले आणि २०११ मध्ये पनामात क्युबालाच २-१ असे नमवून विश्वचषक जिंकला.

ह्या विजयांची चित्रे पाहताना एक गोष्ट जाणवते. जल्लोष करणाऱ्यांत कुरासाव आणि अरुबा या कॅरिबियन बेटांवरचे खेळाडू मोठ्या संख्येने आहेत. ‘डच संघ’ हे दोन शब्द त्यांची कहाणी सांगत नाहीत, ती सांगायला त्यांची नावे आणि गावे लागतात. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे निराळे समजावून सांगायला नको.

छायाचित्रणाच्या बाबतीतही हा देश मागे नाही. वर्ल्ड प्रेस फोटो ही जगप्रसिद्ध स्पर्धा १९५५ मध्ये इथेच सुरू झाली आणि तिचा पहिला मानकरी खेळाचेच चित्र ठरले: डेन्मार्कच्या मोगेन्स फॉन हावेनने टिपलेला, मोटारसायकलवरून कोसळणारा स्पर्धक. आनेफो या डच वृत्तसंस्थेची असंख्य चित्रे हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुली केली आहेत आणि त्यांत हॉन्कबलचे जुने सामने पाहायला मिळतात. हार्लेममध्ये केस दे बूर आणि त्यांचे पुत्र पॉपे यांच्या वृत्तछायाचित्र संस्थेने १९४५ ते २००४ या काळात शहराचे रोजचे जीवन टिपले. सुमारे २० लाख निगेटिव्ह तिथल्या प्रांतिक अभिलेखागारात आहेत. एवढ्या ढिगाऱ्यातून काही शोधता येते, याचे मोठे कारण म्हणजे पितापुत्रांनी ठेवलेल्या कामाच्या नोंदवह्या. कोणत्या दिवशी कुठे गेलो, काय टिपले, याची एक ओळ. त्या ओळीवाचून २० लाख निगेटिव्ह ही नुसती अडगळ झाली असती.

चौकटीबाहेरची माणसे

कॉनलनच्या हजारो चित्रांत एक मोठी उणीव आहे आणि ती त्याच्या कॅमेऱ्याची नव्हे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत अमेरिकेच्या मोठ्या साखळीत कृष्णवर्णीयांना साठ वर्षे प्रवेश नव्हता. १९४२ मध्ये निवृत्त झालेल्या कॉनलनसमोर मोठ्या साखळीत खेळणारा कृष्णवर्णी खेळाडू कधी आलाच नाही. ते खेळत होते, उत्तम खेळत होते, पण दुसऱ्या मैदानांवर.

आपल्याकडे पाळवणकर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. संघाच्या चित्रात ते इतरांच्या बरोबरीने दिसतात. पुण्यात मात्र सोबतचे खेळाडू आत चहा घेत, तेव्हा बाळूंना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळत असे. ते भांडे कोणत्याही चित्रात नाही. कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात, पण तो विचारल्याशिवाय सगळे खरे सांगतही नाही. चित्राशेजारी कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

अमेरिकेतील त्या ‘दुसऱ्या मैदानां’वर पिट्सबर्गचा चार्ल्स हॅरिस होता. ‘टीनी’ हे त्याचे टोपणनाव. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रासाठी त्याने होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांचे खेळाडू टिपले, तसेच लग्ने, दुकाने, शाळा आणि मिरवणुकाही. एका चित्रात काम भागवण्याच्या सवयीमुळे त्याला ‘वन शॉट’ असेही म्हणत. १९९८ मध्ये तो वारला. त्याच्या सुमारे ८० हजार निगेटिव्ह २००१ मध्ये शहरातील कार्नेगी कलासंग्रहालयाने घेतल्या. तेव्हा लक्षात आले, की असंख्य चित्रांतील माणसे कोण, हे कुठेच लिहिलेले नाही. मग संग्रहालयाने त्या वस्तीतील वयस्कर मंडळींना बोलावले, चित्रे पुढे ठेवली आणि विचारले, ‘हे कोण?’ ‘ही माझी आत्या’, ‘हा आमच्या गल्लीतला पिचर’ अशी एकेक नावे परत मिळत गेली. मात्र ज्या माणसांना ओळखणारे शेवटचे डोळे त्याआधीच मिटले होते, त्यांची नावे कायमची गेली.

आपल्या घरचा प्रश्न

वाचकहो, हा अमेरिकेचा प्रश्न राहिलेला नाही. आपली पहिली पिढी ह्या देशात आली ती साधा कॅमेरा आणि छत्तीस चित्रांचा रोल घेऊन. हेगमधील पहिल्या गणपतीची, भाड्याच्या सभागृहातील दिवाळी फराळाची, बर्फातल्या क्रिकेटची चित्रे कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. त्यांत असलेली किती माणसे आता आपल्यात नाहीत! उरलेल्यांची स्मृतीही वयाप्रमाणे चालणार. दुसऱ्या पिढीची अडचण उलट आहे. त्यांच्या फोनमध्ये एका सामन्याची तीनशे चित्रे असतात आणि एकाखालीही नाव नसते. फोन चेहऱ्यांचे गठ्ठे करून देतो, पण तो मुलगा कोण, त्या दिवशी त्याने पहिल्यांदा चेंडू सीमेच्या कुंपणापर्यंत कसा धाडला आणि आजी कुठल्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती, हे त्याला कुठून कळणार?

म्हणून दोन छोट्या सूचना. पहिली मैदानावरची. बॅटर उजव्या हाताचा असेल तर पहिल्या हॉन्कच्या बाजूला उभे राहा, त्याचा चेहरा दिसेल. शटर हजाराव्या भागावर ठेवा. कुंपणाची जाळी आड येत असेल, तर भिंग तिला अगदी टेकवा आणि छिद्र मोठे ठेवा, जाळी विरघळून जाते. पिचरचा हात वर गेला, की मनात एक लय धरा आणि चेंडू बॅटवर यायच्या किंचित आधी बटण दाबा. आणि घरी येताच तीनशेतील दहा चित्रे निवडून त्यांना तारीख, मैदान आणि नावे जोडा. ज्याला बाद केले त्या दुसऱ्या संघातील मुलाचेही नाव कळले तर लिहा. जिमी ऑस्टिनची आठवण ठेवा. ही नोंद घरच्या संग्रहासाठी आहे. इतरांच्या मुलांची चित्रे नावांसह जाहीर करायची, तर त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय करू नये, आणि इथला कायदाही ह्या बाबतीत कडक आहे.

दुसरी सूचना मंडळासाठी. दिवाळीच्या कार्यक्रमात फराळानंतर एक तास आणि दोन लांब टेबले द्या. ज्यांच्याकडे जुने अल्बम आहेत त्यांनी ते आणावेत. एका बाजूला काका, काकू, आजी, आजोबा बसतील, समोर डच शाळेत शिकणारी मुले वही घेऊन बसतील. मुलांनी विचारायचे, मोठ्यांनी सांगायचे, मुलांनी लिहायचे. मराठीत जमले तर मराठीत, नाही तर डचमध्ये, पण नाव पूर्ण आणि साल नक्की. दोन मोठ्यांत वाद झाला, तर दोन्ही मते लिहावीत, इतिहासाला त्याचे वावडे नसते. पहिल्या वर्षी पन्नास चित्रांची नावे लागली तरी पुष्कळ झाले. वही कोणी आणायची ते कार्यकारिणीने ठरवावे. पेन्सिली मी आणतो, कारण चित्राच्या मागे शाईने लिहिले तर ती पुढच्या बाजूला उमटण्याची भीती असते.